इनिट्रॅमएफएस काढायचं? आधी एवढं बघा

निपाणी-खानापूरकडे शाळेत किंवा दुकानात जुन्या मशीनवर लिनक्स चालवत असाल, तर बूट लवकर व्हावं म्हणून इनिट्रॅमएफएस (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना मेमरीत चढणारी आणि रूट डिस्क उघडायला मदत करणारी छोटी इमेज) काढायचा मोह होतो. घाई करू नका.

आधी बूट फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल उघडा. डिस्क कंट्रोलर आणि ईएक्सटी४ (डिस्कवरची फाइल सिस्टिम) या दोन्हींपुढे 'वाय' असेल, तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. 'एम' असेल तर ड्रायव्हर वेगळं मोड्यूल आहे आणि ते रूट डिस्कवरच, म्हणजे जिथे सगळी सिस्टिम असते तिथेच पडलंय, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! अशा वेळी ही इमेज लागतेच.

दोन्हीकडे 'वाय' असलं तरी ग्रबमधली (बूट सुरू करणारा प्रोग्रॅम) रूटची ओळ तपासा. तिथे बहुधा यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) असतो. तो शोधायचं काम इमेजमधला प्रोग्रॅम करतो; एकट्या कर्नलला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कळतो, यूयूआयडी नाही. डिस्क एन्क्रिप्टेड असेल किंवा रूट एलव्हीएमवर (डिस्कची जागा हवी तशी वाटणारी व्यवस्था) असेल, तर विषयच संपला, इमेज ठेवा.

माझं स्पष्ट मत, उबुंटू-डेबियनवर ती काढूच नये. बूट पार्टिशन भरलं असेल तर जुनी कर्नल्स काढा, पण चालू असलेलं आणि त्याआधीचं एक राहू द्या. इनिट्रॅमएफएसच्या सेटिंगमध्ये 'मोड्यूल्स'समोर 'मोस्ट' (बहुतेक सगळे ड्रायव्हर) याऐवजी 'डेप' (फक्त या मशीनला लागणारे) लिहिलं की इमेज लहान होते, मात्र ती त्याच मशीनपुरती. डिस्क उद्या बेळगावातल्या दुसऱ्या मशीनला लावायची असेल तर 'मोस्ट'च बरं.

आणि खानापूरच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. कर्नल अपडेट करताना मशीन यूपीएसवर ठेवा. इमेज अर्धवट लिहिली गेलीच, तर ग्रबमधून आधीचं कर्नल निवडून आत जाता येतं आणि ती पुन्हा तयार करता येते.