एम.टेक.ला कॅम आणि सॉफ्टवेअर जोडून शिकायचं असेल तर

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर) टूल जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आदळलं की पहिला दोष ऑपरेटरवर येतो. खोलात गेलं तर चूक पुष्कळदा प्रोग्रॅमची निघते, आणि प्रोग्रॅममधली चूक पोस्ट-प्रोसेसरची. कॅममध्ये, म्हणजे मशिनिंग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आखलेला टूलपाथ (टूलची वाट) मशिनच्या कंट्रोलरला समजेल अशा जी-कोडमध्ये उतरवणारा हा छोटा प्रोग्रॅम मेकॅनिकलवाल्यांना कॉम्प्युटरचा वाटतो आणि कॉम्प्युटरवाल्यांना मेकॅनिकलचा. त्यामुळे तो नीट शिकलेली माणसं कमी. एम.टेक.ची दोन वर्षं या सांध्यावर घालवायची असतील, तर कोर्स कसा पारखायचा, प्रवेशाची तयारी कशी करायची आणि कॉलेज सुरू होण्याआधी हात कुठे बसवायचा, ते इथे सांगतो.

कोर्सच्या नावावर जाऊ नका

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि कॅम' अशी पाटी शोधत बसण्यात वेळ जातो. कॅम बहुधा प्रॉडक्शन, मॅन्युफॅक्चरिंग किंवा मेकॅनिकल डिझाइनच्या एम.टेक.मध्ये एक-दोन विषयांपुरतं येतं, आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कॉम्प्युटरच्या एम.टेक.मध्ये. आपल्या पट्ट्यात सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासूनचं, राजारामनगरचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासूनचं. तिन्ही स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम ज्याचा त्याचा आणि तो बदलत राहतो. चार वर्षांपूर्वी शिकून गेलेल्याच्या सांगण्यावर विसंबू नका. चालू वर्षाची अभ्यासक्रम पुस्तिका उतरवून घ्या आणि दोन गोष्टी पाहा: दुसऱ्या विभागाचं इलेक्टिव्ह घेता येतं का, आणि प्रबंधाला दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक चालतो का.

तिसरी गोष्ट पुस्तिकेत सापडत नाही आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: लॅबमधल्या मशिनवर विद्यार्थ्याला स्वतः प्रोग्रॅम चढवू देतात का? प्रवेशाआधी एकदा जाऊन लॅब असिस्टंटला भेटा. मशिनवर कंट्रोलर कोणता आहे, फानुक की सीमेन्स, तेही विचारा. पोस्ट-प्रोसेसर कंट्रोलरप्रमाणे बदलतो, म्हणून तुमचं पुढचं काम या एका उत्तरावर ठरतं.

गेटबद्दल थोडक्यात

गेट ही एम.टेक. प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. ती तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे, आणि मेकॅनिकल व कॉम्प्युटर या दोन्ही पेपरांत १३ गुण गणिताचे. एकच योग्य पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण जातात. आकडा भरायचे आणि अनेक पर्याय निवडायचे प्रश्न चुकले तर काहीच जात नाही, म्हणून ते कोरे सोडू नका. स्कोअर तीन वर्षं चालतो. राज्यातल्या कॉलेजांत सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश यंत्रणेच्या) फेऱ्यांतून प्रवेश होतो. गेट नसलं तरी जागा मिळू शकते, पण एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती गेटचा पात्र स्कोअर असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच आहे. बाहेरगावी खोली घेऊन राहायचं असेल तर हा फरक मोठा पडतो.

एक प्लेट, आरंभापासून शेवटापर्यंत

कॉलेज सुरू होण्याआधी दीड-दोन महिने हातात असतात. त्या काळात व्हिडिओ बघण्यापेक्षा एकच जॉब पूर्ण करा. ॲल्युमिनियम ६०६१ ची १०० बाय ६० बाय २० मिलिमीटरची प्लेट घ्या. मधोमध ५० व्यासाचा, ८ खोल गोल पॉकेट (खळगा). चार कोपऱ्यांत कडांपासून १० मिलिमीटर आत एम-१० बाय १.५ चे आरपार आटे, त्यासाठी ८.५ चं ड्रिल.

फ्रीकॅड फुकट मिळतं आणि १.० आवृत्तीपासून त्यातल्या वर्कबेंचचं नावच कॅम आहे. त्यातले पोस्ट-प्रोसेसर साध्या पायथॉन फाइली आहेत, उघडून वाचता येतात. पहिल्यांदा लिनक्ससीएनसी या कंट्रोलर सॉफ्टवेअरचा पोस्ट (पोस्ट-प्रोसेसर) वापरून फाइल काढा आणि तिची ओळ न् ओळ कागदावर समजून घ्या.

आकडे स्वतः काढा, सॉफ्टवेअरने भरलेले तसेच ठेवू नका. १० व्यासाच्या तीन दातांच्या कार्बाइड एंडमिलला (मिलिंगच्या टूलला) कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला, तर १५०ला १००० ने गुणून ३.१४ गुणिले १० ने भागायचं, म्हणजे साधारण ४,७७५ आरपीएम. दाताला ०.०५ मिलिमीटर धरलं तर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) ४,७७५ गुणिले ३ गुणिले ०.०५, म्हणजे मिनिटाला सुमारे ७१६ मिलिमीटर. टॅपिंगचं, म्हणजे आटे पाडण्याचं, गणित वेगळं, तिथे मोकळीक नाही. ३०० आरपीएमला १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर) म्हणजे फीड ४५०च. ४४० लिहिलं तर आटे फाटतात किंवा टॅप आत मोडतो, आणि प्लेट गेली.

पकड हीसुद्धा विचार करण्याची गोष्ट आहे. ६० रुंदीत ५० चा पॉकेट म्हणजे बाजूला भिंत उरते ५ मिलिमीटरची. व्हाइसचे जबडे वरच्या ८ मिलिमीटरला धरले, तर भिंत आत दाबली जाते, त्या अवस्थेत गोल कापला जातो आणि जॉब सोडला की लांबट होतो. म्हणून पकड तळाच्या १० मिलिमीटरवर घ्या. होल आरपार आहेत, तेव्हा खालचा पॅरलल (जॉबखालची आधारपट्टी) ड्रिलच्या वाटेत येत नाही ना, तेही पाहा.

मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणायचं असेल तर स्टेप फाइल आणा, एसटीएल नको. स्टेपमध्ये गोल गोलच राहतो. एसटीएलमध्ये तो सरळ तुकड्यांचा होतो, आणि ५० व्यासाला ३६ तुकडे असतील तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर ०.०९५ मिलिमीटरची चूक असते. ती ०.०१ च्या आत आणायची तर किमान ११२ तुकडे लागतात. हे सूत्र त्रिज्या गुणिले, एक वजा एका तुकड्याच्या अर्ध्या कोनाचं कोसाइन, एवढंच आहे. एकदा हाताने करून पाहा.

आता सॉफ्टवेअरची बाजू

फाइल मशिनवर नेण्याआधी ती तपासणारा छोटा पायथॉन प्रोग्रॅम लिहा. नवखे इथे एक चूक हमखास करतात: प्रत्येक ओळ स्वतंत्र धरून तपासतात. जी-कोडचे बरेच आदेश पुढच्या आदेशापर्यंत लागू राहतात. दहाव्या ओळीतला जी-९१ (अंतर आधीच्या जागेपासून मोजा, असा आदेश) पन्नासाव्या ओळीचा अर्थ बदलतो. म्हणून प्रोग्रॅमने कायम एक तक्ता सांभाळायचा: चाल कोणती, एकक मिलिमीटर की इंच, अंतर मूळबिंदूपासून की आधीच्या जागेपासून, वर्क ऑफसेट (जॉबचा मूळबिंदू) कोणता, टूल कोणतं, लांबीचा ऑफसेट कोणता, स्पिंडल फिरतोय का, फीड किती. ओळ आली की आधी तक्ता बदला, मग तपासा.

काय तपासायचं? टूल बदलल्यावर जी-४३ (टूलची लांबी धरण्याचा आदेश) न येता झेड, म्हणजे उभा अक्ष, खाली उतरतोय का, आणि त्यासोबतच्या एचचा (लांबीच्या नोंदीचा) आकडा टूलच्या आकड्याशी जुळतो का. हे न जुळल्यानेच टूल आदळण्याचे बरेच प्रकार घडतात, कारण मशिन आधीच्या टूलची लांबी धरून खाली येतं. जी-०० (रॅपिड, म्हणजे जलद चाल) जॉबच्या आत शिरतोय का. जी-०१ (कापणारी चाल) येण्याआधी स्पिंडल सुरू झालाय का. एक्स ५० असं दशांश चिन्हाशिवाय लिहिलंय का. फानुकवर पॅरामीटर जसा लावला असेल तसं ते ५० मिलिमीटर ठरतं किंवा ५० मायक्रॉन, म्हणून दशांश चिन्ह लिहायचंच. कमानीच्या सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या ०.००५ च्या आत जुळते का. तीन दशांशांवर राउंडिंग केलं की थोडा फरक पडतोच, पण त्याहून जास्त फरक दिसला तर पोस्टमध्ये काहीतरी बिघडलंय. आणि कंसातल्या टिपणांत देवनागरी अक्षर राहिलंय का तेही पाहा. मराठीत टिपण लिहिण्याची इच्छा चांगली आहे, पण जुने कंट्रोलर ती अक्षरं घेत नाहीत आणि फाइल अर्ध्यावर अडकते.

जी-९१ मध्ये छोट्या चाली ओळीने लिहिणारा पोस्ट दिसला तर विशेष सावध राहा. प्रत्येक चालीत ०.०००५ पर्यंतची राउंडिंगची चूक एकाच दिशेने साचली, तर हजार चालींत अर्धा मिलिमीटर होतो.

प्रत्येक तपासणीसाठी मुद्दाम बिघडवलेली एक फाइल ठेवा आणि पायटेस्टने (पायथॉनच्या चाचणी साधनाने) ती चूक पकडली जाते का ते पाहा. शिवाय बरोबर ठरलेली फाइल नमुना म्हणून जपून ठेवा. पोस्टमध्ये काही बदललं की नवी फाइल तिच्याशी ताडून पाहायची. इथे एक अडचण येते. फ्रीकॅडचे पोस्ट फाइलच्या डोक्यावर वेळ लिहितात, त्यामुळे काहीच बदललं नसलं तरी दोन फाइली वेगळ्या ठरतात. ताडण्याआधी ती ओळ गाळा.

सगळं गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, पोस्टसुद्धा. वर्कशॉपमध्ये ऑपरेटर फीड मशिनवरच बदलतो, आणि तो बदल बहुधा योग्य असतो. ती फाइल परत आणून नोंदवली नाही, तर पुढच्या वेळी जुनाच फीड मशिनवर जातो. आम्हाला विचाराल तर प्रबंधाचा एक अख्खा भाग या परतीच्या वाटेवर लिहिता येईल, कारण ही अडचण शिरवळपासून मिरजेपर्यंत प्रत्येक छोट्या वर्कशॉपला आहे.

पहिला कट

प्रोग्रॅम चढवल्यावर वर्क ऑफसेटचा झेड ५० मिलिमीटर वर उचला आणि हवेत चालवा. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड २५ टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर). नजर टूलवर आणि 'डिस्टन्स टू गो'च्या, म्हणजे उरलेल्या अंतराच्या, आकड्यावर, आळीपाळीने. टूल जॉबपासून १० मिलिमीटरवर दिसतंय आणि आकडा ६० दाखवतोय, तर लगेच थांबवा. तुम्ही उचललेले ५० त्या आकड्यात धरलेलेच असतात, म्हणून हवेत चालवताना टूल जॉबला कुठेच लागता कामा नये. सगळं ठीक वाटलं की ऑफसेट परत खाली आणायला विसरू नका, आणि खऱ्या कटलाही पहिल्या खोलीपर्यंत सिंगल ब्लॉक सोडू नका.

मोजताना घाई नको. बोअर गेजने ५० चा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा. फरक आला तर पकडीची तक्रार समजा. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे, आणि सांगलीत मे महिन्यात लॅब ४० अंशांवर असू शकते. ॲल्युमिनियम मीटरला अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २० अंशांच्या फरकाने ५० चा व्यास ०.०२३ मिलिमीटरने मोठा होतो. पोलादी गेज साधारण त्याच्या निम्म्याने वाढतं, म्हणून वाचनात चूक ०.०१२ च्या आसपास उरते. प्लेट आणि गेज अर्धा तास एकाच टेबलावर ठेवा, मग मोजा, आणि मापाशेजारी तापमान लिहा.