निबंधावरची नावे: खगोलशास्त्रात नव्याने येणाऱ्या संशोधकांसाठी

रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. सुरू केली तेव्हा शोधनिबंधावरील सहलेखकांची नावे काम संपल्यावर ठरतात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती यादी निरीक्षणाच्या कितीतरी आधी, दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावातच आकार घेऊ लागते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांसाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, आणि प्रस्तावावर असलेली नावे बहुधा पुढे निबंधावरही येतात.

दुसऱ्या वर्षी मी अशाच एका प्रकल्पाच्या विदेतील (डेटातील) रेडिओ व्यत्यय काढून प्रतिमा तयार केल्या. प्रस्ताव मी रुजू होण्यापूर्वीचा होता आणि नावाविषयी विचारणे मला उद्धटपणाचे वाटले. मसुदा हाती आला तेव्हा माझे नाव केवळ आभारात होते. मी काय काम केले ते मुद्देवार लिहून कळवल्यावर ते लेखकांत घेतले गेले. पण ते चार दिवस फार जड गेले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, विदा हातात घेण्यापूर्वीच कोणी काय करायचे आणि नावे कोणत्या क्रमाने येतील, हे ईमेलवर लेखी ठरवून घ्यावे.

क्रमाचे संकेतही समजून घ्यावे लागतात. जीवशास्त्रात शेवटचे नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे असते. आमच्याकडे छोट्या गटात पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे असते आणि मार्गदर्शक पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकावर असतात. मोठ्या सहकार्यगटांत मात्र वर्णानुक्रम चालतो. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या थेट शोधाच्या २०१६ मधील निबंधावर हजाराहून अधिक लेखक होते आणि यादी ‘अ‍ॅबट’ या आडनावापासून सुरू झाली होती. अशा निबंधात केवळ नाव पाहून तुमचे योगदान कोणालाही कळणार नाही. त्यामुळे पुढच्या नोकरीच्या अर्जात आपला नेमका वाटा दोन-तीन वाक्यांत लिहावा, आणि शिफारसपत्र देणाऱ्यांनाही तो आठवणीने कळवावा.

जोशी, पाटील, कुलकर्णी अशा आडनावांच्या संशोधकांनी पहिल्या निबंधापूर्वीच ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची स्वतंत्र ओळख दाखवणारा क्रमांक काढावा आणि इंग्रजीतील नावाचे एकच लेखन कायम ठेवावे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचे आधीचे निबंध शोधसूचीत आजही वेगळ्या व्यक्तीच्या नावे दिसतात.