इंग्लिश शब्द सुटा पाठ करू नका, वाक्यासकट उचला

माझ्याकडे एक जुनी वही आहे, डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, सात-आठशे शब्द सहज असतील, पण बोलताना तोंडात येणारे बोटांवर मोजण्याइतके. वाचताना ओळखीचे वाटतात आणि ऐनवेळी गायब. मला वाटायचं आपलीच मेमरी कच्ची, पण खरा लोचा वहीत होता.

आता रिलक्टंट घ्या. वहीत अर्थ काय, तर 'अनिच्छुक'. तेवढ्यावर मी एका मेलमध्ये 'रिलक्टंट फॉर गोइंग' असं ठोकून दिलं होतं, आता आठवलं की कसंतरीच होतं. डिक्शनरीतली व्याख्या नीट वाचली असती तर कळलं असतं की रिलक्टंट म्हणजे मनात नाही किंवा खात्री नाही म्हणून का-कू करणं, आणि असा माणूस शेवटी ते काम करतोही बऱ्याचदा. अनविलिंगवाल्याची मुळात तयारीच नसते. आणि 'शी वॉज रिलक्टंट टू आस्क फॉर हेल्प' एवढं एक वाक्य बघितलं असतं तरी समजलं असतं की पुढे 'टू' आणि क्रियापद येतं. एकट्या 'अनिच्छुक'मधून यातलं काहीच हाती लागत नाही.

म्हणून पहिलं काम, डिक्शनरी लर्नर्स घ्या, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी केलेली. साध्या डिक्शनरीत कधीकधी एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या दोन अवघड शब्दांत दिलेला असतो, मग शोधत बसा. लाँगमनने १९७८ च्या डिक्शनरीत सगळ्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांतच लिहिल्या, आणि १९८७ ला आलेल्या कोबिल्ड डिक्शनरीने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, म्हणजे अर्थ वाचतानाच शब्द कसा वापरायचा तेही दिसतं. दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात. मराठी अर्थ बघितला तर पाप नाही हां, मीही बघतो, फक्त तिथे थांबायचं नाही.

मग उदाहरणं. एकावर भागवू नका, तीन-चार वाचा आणि शब्दाच्या आजूबाजूला कोण बसलंय ते बघा, खरी मजा इथेच आहे. 'कॉज' हे क्रियापद बघा, अर्थ सोपा, कारण होणं. पण उदाहरणं वाचत गेलात की दिसेल, कॉज डॅमेज, कॉज पेन, कॉज डिले, बहुतेक सगळं वाईटच! आपल्याकडे 'कारणीभूत' तसाच आहे की, अपघाताला कारणीभूत म्हणतो, यशाला कारणीभूत म्हटलं की कानाला खटकतं. हे व्याख्येत लिहिलेलं असेलच असं नाही, वाक्यं वाचून कानाला कळतं.

आपण मराठीतून विचार करतो तिथे तर जास्तच लक्ष द्या. आपण 'त्याबद्दल' चर्चा करतो म्हणून हमखास 'डिस्कस अबाउट' म्हणतो, आणि उदाहरणांत बघाल तर डिस्कसनंतर अबाउट नसतंच, थेट विषय येतो. तसंच नामापुढे अनकाउंटेबल, म्हणजे ज्याचं अनेकवचन होत नाही असं, लिहिलंय का तेवढं बघून ठेवा, ॲडव्हाइसेस आणि फर्निचर्स बंद होतील.

यानंतर स्वतःचं एक वाक्य लिहायचं, आणि ते खरं पाहिजे. 'ही इज रिलक्टंट' असलं मोघम वाक्य उद्या विसराल. कोण, कशाला, का, हे येऊ दे. 'माय ब्रदर वॉज रिलक्टंट टू सेल हिज ओल्ड बाइक' लिहिलं की भाऊ आठवतो, बाइक आठवते आणि शब्द त्यांच्या मागून येतो. लिहिलेलं बरोबर आहे का ते डिक्शनरीतल्या वाक्याशेजारी ठेवून ताडून बघा.

हेच वाक्य कार्डावर उतरवा, शब्दाच्या जागी रिकामी जागा, मागे शब्द आणि छोटी व्याख्या. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने बघायचं. आधी आठवायचा प्रयत्न करा, लगेच उलटू नका, ती डोक्याला होणारी झटापटच कामाची असते. हे हिशोब नको असतील तर अँकी ॲप तारखा स्वतः सांभाळतं. दिवसाला तीन-चार शब्द बस, वीस घ्याल तर चौथ्या दिवशी वही बंद, स्वानुभव आहे.

एखादा शब्द सारखाच अडत असेल तर त्याला घासत बसू नका, तुमचं वाक्य बदला, बहुतेक वेळा तेच फुसकं असतं.