प्रकाशाचा वेग ओलांडल्याच्या बातमीची तपासणी कशी करावी

प्रकाशाचा वेग ओलांडला गेला, आता या वेगापलीकडे काहीही जाऊ शकत नाही असे सांगणारा आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत मोडीत निघणार, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि विद्यार्थी त्याविषयी वर्गात विचारतात. अशा वेळी ठाणे आणि नवी मुंबईतील शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी बातमीवर हो किंवा नाही असा निकाल तत्काळ देण्याऐवजी तिची तपासणी कशी करावी, याची एक पद्धत येथे मांडली आहे. तिच्यासाठी वही, गणकयंत्र आणि इंटरनेटला जोडलेला संगणक एवढे साहित्य पुरते. सापेक्षतेचे गणित अवगत असण्याची गरज नाही.

सर्वप्रथम मूळ मर्यादा नेमकी काय आहे ते वहीत लिहून घ्यावे, कारण निम्म्याहून अधिक गोंधळ येथेच मिटतो असे माझे मत आहे. मर्यादा आहे ती निर्वातातील प्रकाशाच्या वेगाची, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, आणि ती लागू होते वस्तूला, ऊर्जेला व माहितीला. (१९८३ पासून मीटरची व्याख्याच या वेगावरून केली जात असल्यामुळे हा आकडा आता मोजला जात नाही, तो ठरवून दिलेला आहे.) पाण्यातून जाताना प्रकाश स्वतःच मंदावतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे २,२५,००० किलोमीटर एवढाच उरतो. त्यामुळे पाण्यातला एखादा इलेक्ट्रॉन पाण्यातल्या प्रकाशाला सहज मागे टाकू शकतो आणि तसे करताना निळसर प्रकाश बाहेर टाकतो. हा परिणाम चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये नोंदवला, फ्रँक आणि टाम यांनी १९३७ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले आणि तिघांना मिळून १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाशीहून खाडी ओलांडली की पलीकडे लागणाऱ्या ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये सुरू झालेली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी पाण्याच्या हौदातलीच होती; अशा भट्टीच्या पाण्यात दिसणारी निळी आभा हीच. येथे सापेक्षतेचा कोणताही नियम मोडलेला नसतो. म्हणून बातमीला विचारायचा पहिला प्रश्न हा की, तुलना निर्वातातील वेगाशी केली आहे की माध्यमातील वेगाशी?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: नेमके काय हलले? समजा, ठाण्यातील एखाद्या गच्चीवरून एक अतिशय शक्तिशाली लेझर चंद्रावर रोखला आणि मनगट किंचित वळवले. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. तेवढे अंतर प्रकाशाच्या ठिपक्याने सेकंदाच्या शंभराव्या भागात कापले, तर ठिपक्याचा वेग सेकंदाला सुमारे ३,४७,००० किलोमीटर होतो आणि मर्यादा सरळ ओलांडली जाते. मात्र चंद्राच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला काहीही गेलेले नसते. प्रत्येक क्षणी पृथ्वीवरून निघालेले नवे प्रकाशकण नव्या जागी पोहोचत असतात आणि एका कडेवर उभ्या असलेल्या माणसाला त्या ठिपक्यातून दुसऱ्या कडेवरच्या माणसाला निरोप धाडता येत नाही. एम ८७ या दीर्घिकेतून निघालेल्या झोताचे काही भाग प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना दिसतात, तेही असेच फसवे आहे. झोत जवळजवळ आपल्याच दिशेने प्रकाशाच्या खालोखाल वेगाने येत असल्यामुळे दोन निरीक्षणांमधला काळ आपल्याला आक्रसलेला दिसतो. अतिदूरच्या दीर्घिका प्रकाशाहून अधिक वेगाने दूर जातात हे विधान खरे आहे, परंतु तेथे अवकाशच प्रसरण पावत असते. पुंज गुंतागुंतीत, म्हणजे क्वांटम एन्टँगलमेंटमध्ये, दूरच्या दोन कणांची मापने परस्परांशी जुळतात, पण त्यातून संदेश पाठवता येत नाही. ‘माहिती किंवा ऊर्जा एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली का?’ या एका प्रश्नावर यांतील बहुतेक बातम्या निकालात निघतात.

यानंतर विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिलेली असल्यामुळे त्याला स्थानिक संदर्भही आहे. संगणकाच्या कमांड खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा देऊन एखाद्या परदेशी संकेतस्थळाकडून उत्तर परत यायला किती मिलीसेकंद लागतात ते पाहावे. निर्वातात प्रकाश एका मिलीसेकंदात सुमारे ३०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १५० किलोमीटरचा पल्ला होतो. काचेच्या ऑप्टिकल फायबरमध्ये हाच पल्ला जवळपास १०० किलोमीटर उरतो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, तेव्हा सिंगापूरहून उत्तर यायला निर्वातातसुद्धा किमान २६ आणि फायबरमध्ये किमान ३९ मिलीसेकंद लागलेच पाहिजेत. आता जे संकेतस्थळ सिंगापूरचे म्हणून ओळखले जाते ते ५ मिलीसेकंदांत उत्तर देत असेल, तर विद्यार्थ्यांना दोन पर्याय द्यावेत: एक तर संदेश प्रकाशाच्या पाचपटीहून अधिक वेगाने गेला, किंवा उत्तर देणारे यंत्र सिंगापुरात नाहीच. दुसरा पर्यायच खरा असतो. मोठ्या संकेतस्थळांच्या प्रती जवळच्या शहरांतील सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. वायफाय, राउटर आणि केबलची वळणे यांमुळे वेळ वाढू शकते, पण कमी होऊ शकत नाही, ही गोष्ट येथे आवर्जून दाखवावी. वेगाचा आकडा अशक्य वाटला की आधी अंतर आणि घड्याळ तपासायचे, ही सवय या प्रयोगाने जितकी लागते तितकी व्याख्यानाने लागत नाही.

याच सवयीची मोठ्या प्रमाणावर कसोटी लागली ती सप्टेंबर २०११ मध्ये. जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे जमिनीतूनही जवळजवळ विनाअडथळा आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे ‘ऑपेरा’ या प्रयोगगटाने जाहीर केले. साठ नॅनोसेकंदांत प्रकाश अवघे १८ मीटर जातो, हे फळ्यावर मांडून दाखवावे, म्हणजे मोजणी किती नाजूक होती ते ध्यानात येते. शंका विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्याव्यात: दोन ठिकाणची घड्याळे कशी जुळवली, जमिनीखालच्या प्रयोगशाळेचे अंतर कसे मोजले, उपग्रहाचा संकेत गुहेतल्या यंत्रापर्यंत जाण्यास लागणारा वेळ धरला का? गटाने हजारो नोंदी जमवल्या होत्या, त्यामुळे हा योगायोग असण्याची शक्यता नगण्य होती. परंतु नोंदी कितीही वाढवल्या तरी प्रत्येक नोंदीत तीच चूक शिरत असेल, तर ती सरासरीने जात नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये असेच काहीसे उघड झाले. घड्याळाचा संकेत आणणाऱ्या फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती आणि एका कालमापक यंत्राची गती किंचित चुकलेली होती. दोन्ही दोषांचा परिणाम एकमेकांच्या विरुद्ध दिशेचा होता. त्याच प्रयोगशाळेतील ‘इकारस’ या दुसऱ्या गटानेही न्यूट्रिनोंचा वेग स्वतंत्रपणे मोजला आणि तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. ऑपेरा गटाने आपल्याला चूक सापडत नसल्याचे सांगून इतरांना तपासण्याचे आवाहन केले होते, हे मात्र विसरू नये. त्या गटाची झालेली टिंगल मला अन्यायाची वाटते.

तपासणीचा पुढचा टप्पा म्हणजे दावा खरा मानून आणखी काय काय खोटे ठरेल ते पाहणे. सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूर असलेला तारा फुटल्याचे १९८७ मध्ये दिसले, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या साधारण तीन तास आधी पोहोचले, कारण ते ताऱ्याच्या गाभ्यातून लगेच निसटतात आणि प्रकाशाला पृष्ठभाग फुटण्याची वाट पाहावी लागते. ऑपेराच्या मोजणीत न्यूट्रिनो ज्या प्रमाणात प्रकाशापेक्षा वेगवान दिसले ते प्रमाण येथे लावले असते, तर ते सुमारे चार वर्षे आधी यायला हवे होते. अर्थात त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा सर्नच्या न्यूट्रिनोंच्या मानाने फारच कमी होती, तेव्हा एवढ्यावरून दावा पूर्णपणे खोडला जात नव्हता. विद्यार्थ्यांना ही त्रुटीही सांगावी, नाहीतर त्यांना खंडनाचीच घाई लागते.

मग विज्ञान बदलते ते कसे, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी दोन ग्रहांची उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवावीत. युरेनसची गती न्यूटनच्या नियमाशी जुळत नव्हती; नियम कायम ठेवून अज्ञात ग्रहाची कल्पना केली गेली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक उरत होता. तेथेही फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी अज्ञात ग्रहच सुचवला, पण तो कधी सापडला नाही, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्व सिद्धांतातून त्या फरकाचे स्पष्टीकरण मिळाले. दोन्ही वेळा सुरुवातीची परिस्थिती सारखीच होती, आणि नियम टिकेल की जाईल हे आधी कोणालाही सांगता आले नसते. शिवाय नवा सिद्धांत आला तरी जुन्याची यशस्वी उत्तरे त्याला द्यावीच लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या लोकलसाठी सापेक्षतेची दुरुस्ती साधारण २०० लाख कोटींत एक भाग एवढी, म्हणून ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीचे वेळापत्रक न्यूटनच्या गणिताने बिनदिक्कत करता येते.

प्रकाशाहून वेगवान कणांचा विचार मुळातच निषिद्ध आहे, असाही समज होऊ देऊ नये. बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ मध्ये असे कण सापेक्षतेच्या चौकटीत कसे बसवता येतील याची मांडणी केली, आणि फाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये त्यांना ‘टॅकिऑन’ हे नाव दिले. असे कण कधीही प्रकाशाच्या वेगाहून मंद होऊ शकत नाहीत असे ते गणित सांगते; ते आजवर आढळलेले नाहीत.

पुढची बातमी आली की मंडळाच्या फलकावर मथळा लावण्याआधी अंतर, वेळ, दोन्हींतील अनिश्चितता, काय हलले आणि तीच मोजणी दुसऱ्या कोणत्या गटाने केली, हे पाच रकाने भरून घ्यावेत. जो रकाना मूळ शोधनिबंध पाहूनही भरता येणार नाही, तो कोरा ठेवून त्यावर तारीख घालावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासावा.