बचत गट: पहिल्या बचतीपासून बँकेच्या कर्जापर्यंत

गटाला बँकेचं कर्ज मिळणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. ते फेडायची सवय मात्र आधी गटातच लागावी लागते. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 साली 500 गटांपासून बँक जोडणी (बचत गटांना थेट बँकेचं कर्ज) सुरू केली तीही याच भरवशावर, तारणावर नव्हे.

एकाच वस्तीतल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या दहा-बारा जणी घ्या. एका घरातली एकच. बैठकीचा वार ठरवा, ठराव लिहा, गटाच्या नावे बचत खातं उघडा. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सह्या करून ठेवू नका. गट फुटतात ते बहुधा इथेच.

पैसे जमले की अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्या बचतीतून सभासदांनाच कर्ज, सुरू करा. बारा जणींची महिना 200 रुपये बचत सहा महिन्यांत 14,400 होते. ती खात्यात नुसती पडून राहिली तर अडीनडीला बाई पुन्हा सावकाराच्याच दारात जाते.

व्याज शिल्लक मुद्दलावरच लावा. 6,000 रुपये, महिना 2 टक्के, दहा हप्ते: दर महिना मुद्दल 600, व्याज पहिल्यांदा 120, मग 108, असं उतरत एकूण 660. सुरुवातीच्या रकमेवर शेवटपर्यंत धरलं तर तेच 1,200 होतं! दारात येणाऱ्या फायनान्सवाल्यालाही हेच विचारा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे वार्षिक व्याजदर त्याला लेखी द्यावा लागतो, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

सहा महिने बैठका, बचत, परतफेड आणि हिशोब नीट चालले की बँकेत अर्ज करा. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटाला पहिलं मुदत कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, जे जास्त असेल ते, असा निकष आहे; 20 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. हिशोबाच्या वह्या बैठकीतच, सगळ्यांसमोर भरा.

सर्वांत महागात पडतं ते बँकेच्या कर्जाची रक्कम सगळ्यांत सारखी वाटून घेणं. गरज नसलेलीचे पैसे घरखर्चात जातात आणि हप्ता थकतो गटाचा. कर्ज धंदा बघून द्या. शिवणकामाचे पैसे आठवड्याला येतात, तिथे मासिक हप्ता चालतो. शेळी मात्र पाच महिने गाभण राहते, पुढे करडू विकण्याजोगं व्हायला आणखी काही महिने लागतात. तोवर हप्ता मजुरीतून निघेल का, हे कर्ज मंजूर करायच्या बैठकीतच विचारून घ्या.