फर्स्ट इयरची मुलं लेखनासाठी मदत मागायला यावीत म्हणून

बारावीपर्यंत तयार उत्तर गाईडमध्ये सापडतं. कॉलेजात पहिल्याच सत्रात ‘चिकित्सक चर्चा करा’ असा विषय हातात पडतो आणि नेमकं काय लिहायचं हेच कळत नाही. ‘माझं लेखन सुधारायचंय’ म्हणून क्वचितच कोणी येतं. ‘सोमवारी सबमिशन आहे, सुरुवातच जमत नाहीये’ म्हणून मुलं येतात. हे दुसरं कारण धरूनच सगळी सोय आखा.

ओरिएंटेशनमध्ये केलेली घोषणा पहिल्या असाइनमेंटपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून विषय ज्या कागदावर देता त्याच कागदावर मदतीची वेळ, जागा आणि भेटणाऱ्या शिक्षकाचं नाव छापा. विषय आणि सबमिशन यांत तीन आठवडे ठेवा, कच्चा खर्डा दहा दिवस आधी मागा. आदल्या दिवशी आलेल्या मुलाला मांडणी बदलायला वेळच नसतो, मग तो फक्त शुद्धलेखन तपासून मागतो.

‘रेमेडियल’ हे नाव टाळाच. त्या नावाच्या वर्गात शिरताना वर्गमित्रांनी पाहिलं तर काय, ही धास्ती मार्कांच्या भीतीपेक्षा मोठी ठरते. पहिल्या आठवड्यात चांगलं लिहिणाऱ्या दोघातिघांनाही आवर्जून बोलवा. बसायला स्टाफरूम नको. ग्रंथालयातलं कोपऱ्यातलं टेबल बरं. वर्गाला सरसकट ‘अडचण असेल तर या’ म्हटलं की कुणीच उठत नाही. खर्ड्यावर ‘तिसरा परिच्छेद घेऊन बुधवारी दोन वाजता ये’ असं लिहिलं की येतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा अडथळा वेगळा असतो. इंग्रजीत बोलावं लागेल या धसक्याने ती दारातूनच परत फिरतात. असाइनमेंट इंग्रजीत असली तरी चर्चा मराठीत होईल, हे त्या कागदावर स्पष्ट लिहा.

एका भेटीला तीस मिनिटं पुरतात. पहिली पाच मिनिटं विद्यार्थ्याला विषय स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. निम्मी गडबड इथेच सापडते. मग खर्डा त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. समजा, विषय आहे आटपाडी तालुक्यातील पाणीटंचाईची कारणे. सुरुवात हमखास अशी असते: ‘मानवाच्या जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ ती खोडू नका. विचारा, ‘आटपाडीचं नाव पहिल्यांदा कुठे आलं?’ पान उलटून तो दाखवतो: ‘सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे येथे पाऊस कमी पडतो.’ हे वाक्य वर घेतलं तर काय होईल, हेही त्यालाच ठरवू द्या. आपणच लाल पेनाने वाक्यं बदलत गेलो, तर पुढच्या वेळी तो खर्डा टेबलावर ठेवून ‘सर, तपासून ठेवा’ म्हणतो आणि निघून जातो.

एका भेटीत दोनच गोष्टी हाताळा: आधी मुद्दा आणि क्रम, मग संदर्भ कुठून घेतले ते. व्याकरणाची एकच चूक निवडा, वारंवार होणारी.

निघताना पुढचं काम विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हाताने लिहायचं. खाली पुढच्या भेटीची तारीख, सबमिशनच्या किमान तीन दिवस आधीची.