पहिल्यांदा वेल प्लॅटफॉर्मवर चाललात? आधी बंद करायला शिका

नवीन लागलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, वेल, म्हणजे तेलाची विहीर, चालू कशी करायची. अरे चालू काय कोणीही करेल, आधी बंद कुठून आणि कशी होते ते बघा, बाकी आपोआप येतं. मी इथे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचंच धरून सांगतोय कारण आपल्याकडची बरीच पोरं तिकडेच जातात.

थोडं बॅकग्राउंड, कारण हे माहीत नसलं की नुसते व्हॉल्व दिसतात, फील्ड दिसत नाही. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत, पाणी 75-80 मीटर, 1974 ला सागर सम्राट रिगला तेल लागलं आणि 1976 पासून प्रॉडक्शन. तेल चुनखडीच्या थरात लांबलचक पसरलंय, त्यामुळे एका ठिकाणी बसून काढता येत नाही. मग काय करतात, जमिनीवर स्टीलचं जॅकेट, म्हणजे प्लॅटफॉर्मचा सांगाडा, बनवून बार्जवरून नेतात, उभं करून पायल म्हणजे खांब तळात ठोकतात, बाजूला जॅक-अप रिग (तळावर पाय टेकून उभी राहणारी) लावून एकाच प्लॅटफॉर्मवरून तिरक्या तिरक्या अनेक वेल मारतात, आणि तो सगळा माल समुद्रतळाच्या पाइपलाइनने प्रोसेस प्लॅटफॉर्मला, तिथे तेल गॅस पाणी वेगळं होऊन पुढे उरणला. ही जड कामं पावसाळा सोडून, जून लागला की समुद्र कोणाचं ऐकत नाही. तुमच्या वाट्याला येतो तो छोटा वेल प्लॅटफॉर्म, जिथे रात्री कोणी राहत नाही.

जुहूवरून हेलिकॉप्टर पकडायच्या आधी ट्रेनिंगमध्ये केबिनसकट पाण्यात उलटं करतात, तिथे एकच लक्षात ठेवा, एक हात खिडकीच्या कडेला, फिरणं पूर्ण थांबेपर्यंत बेल्ट सोडायचा नाही. घाईत सोडला की वर कुठलं आणि खाली कुठलं कळत नाही, मी नाकातोंडात पाणी घेऊन शिकलोय.

प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर आधी वारा कुठून येतोय बघा, गॅस डिटेक्टर चालू, कंट्रोल रूमला वॉकीवर कळवा, मगच ट्रीजवळ, म्हणजे वेलच्या तोंडावरच्या व्हॉल्वच्या संचाजवळ. ख्रिसमस ट्रीवर खालून वर असं वाचायचं: लोअर मास्टर, अप्पर मास्टर, बाजूला विंग, सगळ्यात वर स्वॅब, आणि विंगच्या पुढे फ्लो कमीजास्त करणारा चोक, ज्याला आपण बीन म्हणतो. समुद्रतळाच्या खाली ट्यूबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, अजून एक सेफ्टी व्हॉल्व असतो, तो हायड्रॉलिक प्रेशरवर उघडा धरलेला असतो, प्रेशर गेलं की स्वतःच बंद. वर फायर लूपमध्ये, म्हणजे प्रेशर भरलेल्या नळीत, वितळणारे प्लग असतात, आग लागली की प्लग वितळतो, लूपचं प्रेशर पडतं आणि वेल बंद व्हायला लागते. म्हणजे डिझाइनच असं की काही बिघडलं तर बंद व्हावं. म्हणूनच ट्रिप झाली, म्हणजे वेल आपोआप बंद पडली, की वैतागून सेफ्टीला बायपास मारायची सवय लावून घेऊ नका.

रोजच्या बंद करण्याचा क्रम: आधी विंग, मग अप्पर मास्टर, खालचा सेफ्टी व्हॉल्व शेवटी. लोअर मास्टरला रोज हात लावायचा नाही, तो अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. उघडताना उलट, आधी खालचा सेफ्टी व्हॉल्व, पण त्याच्या वरचं आणि खालचं प्रेशर सारखं केल्याशिवाय नाही, नाहीतर आतली झडप खराब होते आणि मग वेलवर वेगळं काम काढावं लागतं.

हाताने व्हॉल्व फिरवताना फेरे मोजा. खरंच मोजा आणि वहीत लिहा. मागच्या वेळेपेक्षा कमी भरले तर व्हॉल्व पूर्ण बसलेला नाही, आत काहीतरी अडकलंय, जोर लावू नका, विचारा. पहिल्या वर्षी मी अंदाजाने फिरवून बंद झाला म्हणून वॉकीवर सांगून मोकळा झालो, सिनियर आले, फ्लो लाइनजवळ हात नेला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. लाइन गरम होती. चालती वेल गरम लागते, मेलेली गार पडते, ही ट्रिक गेजच्या आधी कळते.

राउंडला ट्यूबिंग प्रेशर, केसिंग (ट्यूबिंगभोवतीचा बाहेरचा पाइप) प्रेशर, टेंपरेचर तीनही एकत्र लिहा, सुटा आकडा काही सांगत नाही. ट्यूबिंग प्रेशर आणि टेंपरेचर दोन्ही खाली आलं तर फ्लो कमी झालाय. गॅस लिफ्टच्या वेलला, म्हणजे जिथे तेल वर आणायला केसिंगमधून गॅस सोडतात, तिथे केसिंग प्रेशर पडलं तर आधी गॅस आत जातोय का ते बघा, उगाच बीन बदलत बसू नका.

आणि एक गोष्ट, रायझरच्या, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या पाइपच्या, बाजूला बोट कशी लागते यावर डोळा ठेवा. 27 जुलै 2005 ला हाताला लागलेल्या एका कुकला प्लॅटफॉर्मवर चढवताना सपोर्ट जहाज रायझरवर आदळलं, गॅस पेटला, दोन तासांत मुंबई हाय नॉर्थचा बीएचएन प्लॅटफॉर्म गेला, 22 माणसं गेली. वरचा व्हॉल्व बंद करून काय होणार, फुटलं त्याच्या खाली, आणि लाइनमधला गॅस संपेपर्यंत जळत राहणार. त्यामुळे आपल्या प्लॅटफॉर्मचे रायझर कुठल्या बाजूला आहेत ते पहिल्याच दिवशी खाली वाकून बघून घ्या, आणि लाट असताना बोटवाला त्या बाजूला यायला लागला तर लाज न बाळगता वॉकीवर नाही म्हणा. संध्याकाळी परत जायला तासभर उशीर होईल, जेवण गार मिळेल, चालतं.